चाळीस नंबरवरची माफी

आमच्या भागात लग्न चर्चमध्ये लागतं, पण टिकतं की नाही ते पायलट गाडीत ठरतं. पेरणीयंत्र ट्रॅक्टरला जोडून एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यायचं म्हटलं, की दोन्ही बाजूंचे पंख मिटल्यावरसुद्धा ते अर्ध्याहून जास्त रस्ता खातं. म्हणून पुढे एक गाडी लागते. टपावर फिरता पिवळा दिवा, कपाळावर मोठी पाटी आणि आत बायको. तिने समोरून येणाऱ्यांना थांबवायचं, पुलावरची वाट मोकळी करायची आणि मागे ट्रॅक्टरवर बसलेल्या नवऱ्याला रेडिओवर सगळं कळवायचं. पगार नाही. बदल्यात शिव्या मिळतात.

मी, नोला नोस्के, हे काम सव्वीस वर्षं केलं आणि गेल्या महिन्यात सोडून दिलं.

झालं असं. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं एक आणि उजव्या चाकाचं एक. शेतात एकच दाबलं की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो, म्हणून तिथे ती सुटी ठेवतात. रस्त्यावर यायच्या आधी मात्र दोन्ही पेडलं कडी लावून एकत्र जोडायची. नाहीतर घाईत पाय एकावरच पडतो आणि ट्रॅक्टर भलतीकडे तोंड करतो. आमच्याकडे हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. माझ्या नवऱ्याला, क्लेमलाही माहीत आहे. त्या दिवशी तो विसरला.

खाडीच्या पुलाशी समोरून एक म्हातारं जोडपं कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत आलं. मी रेडिओवर म्हटलं, "क्लेम, थांब, पुलावर गाडी आहे." क्लेमने पाय दाबला, तो एकाच पेडलवर. ट्रॅक्टर गर्रकन डावीकडे वळला आणि ट्रेव्ह पीचच्या टपालपेटीवर चढला. ट्रेव्हची टपालपेटी म्हणजे खांबावर बसवलेला जुना फ्रिज. तो फ्रिज खाली आला, दार उघडलं आणि आठवड्याभराची पत्रं खाडीत गेली.

चूक कोणाची? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. क्लेम रेडिओवर ओरडला, "नोला, तुझ्या डोक्यात मेंदू आहे का भुसा?"

आणि ओरडला कुठे, तर चाळीस नंबरवर. चाळीस नंबर म्हणजे रस्त्याचा चॅनल. प्रत्येक ट्रकमध्ये, प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये आणि निम्म्या स्वयंपाकघरांत तो दिवसभर चालू असतो. आमच्याकडे वर्तमानपत्र उशिरा येतं, त्यामुळे लोक चाळीस नंबरवरच भागवतात.

दुसऱ्या दिवशी दुकानात ट्रेव्हची बायको डॉट भेटली. "नोला, भुसा कमी पडला तर सांग हं. आमच्याकडे दोन पोती पडून आहेत." फुटबॉलच्या मॅचला मी चहाच्या टेबलाशी उभी होते, तर कोणीतरी माझ्या टोपीत खरोखर मूठभर भुसा टाकून गेलं. सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर मात्र मी टोपी चुलीत घातली.

मी क्लेमला म्हटलं, "माफी माग."

"मागितली की. काल इथेच, स्वयंपाकघरात."

"इथे नाही. चाळीस नंबरवर. आणि पेडलं जोडली नव्हती तेही सांगायचं."

"तिथे सगळं जग ऐकतं गं."

"शिवी दिलीस तेव्हा जग काय बहिरं होतं?"

नोस्के घराण्यात माफी मागायची पद्धत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ही मंडळी चुकतच आली नाहीत, असा त्यांचा समज आहे. मीही कानाला खडा लावला. रेडिओवर माफी ऐकल्याशिवाय पायलट गाडीत पाय ठेवायचा नाही.

तीन आठवडे असेच गेले. क्लेमने घराजवळची सगळी शेतं पेरली. राहिलं ते लांबचं, आठ किलोमीटरवरचं, मसुराचं. शुक्रवारी पाऊस सांगितला होता. त्याच्या आत पेरणी झाली तर मसूर, नाहीतर वर्षभर नुसती मेंढरं. क्लेमने डॉटला पायलट गाडीसाठी विचारलं. ती म्हणाली, "मी बसले तर नोला मला लॅमिंग्टन केकची पाककृती कधीच देणार नाही." आणखी दोघींना विचारलं. दोघींनी सांगितलं, आधी बायकोशी बोल. भुशावरून मला चिडवण्यात याच बाया पुढे होत्या, पण वेळ आली तेव्हा एकीनेही माझी जागा घेतली नाही. आमच्या बाया अशाच आहेत.

शेवटी क्लेम आपल्या आईकडे गेला. माझी सासू ओपल, वय वर्षं शहाऐंशी. ओपलला दिसतं व्यवस्थित, ऐकू येतं व्यवस्थित, ती गाडीही सरळ चालवते. फक्त तिचं मत असं, की रस्ता तिच्या वडिलांनी बांधला.

दिवस ठरला गुरुवार. आता गुरुवारी अकरा वाजता लेस हार्टविगची अंत्ययात्रा होती. लेसचं शेत आमच्या लांबच्या शेताला लागूनच. गेली चाळीस वर्षं तो त्या भागातला सर्वांत हळू ट्रॅक्टर चालवणारा माणूस. क्लबात दोन ग्लास झाले की म्हणायचा, "मेलो की मला ट्रॅक्टरवरून न्या, आणि मागच्या एकालाही पुढे जाऊ देऊ नका." त्याची बायको डल्सी शहाणी. तिने शहरातली काळी शवगाडी ठरवली आणि कोणाला काही बोलली नाही.

लेसच्या पेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांत क्लेम होता. त्याने हिशेब केला: दहाला निघायचं, साडेदहाला यंत्र शेतात सोडायचं, आईच्या गाडीतून परत यायचं, अकराला खांदा द्यायचा. कपडे बदलायला वेळ नको म्हणून काळा सूट आणि काळा टाय घालूनच ट्रॅक्टरवर चढला. ओपलही काळा झगा, काळी हॅट घालून तयार. तिच्या बागेतली पांढरी शेवंती चर्चमध्ये द्यायची होती, ती तिने सगळी पिकअपच्या हौद्यात भरली. दोन बादल्या भरून उरली ती नुसतीच पसरली.

आणि हो, पेरणीयंत्रावर ताडपत्री होती. काळी.

मी सकाळीच सँडविच करायला चर्चच्या हॉलमध्ये गेले होते, नाहीतर हे सोंग फाटकाबाहेर पडूच दिलं नसतं. त्या दिवशी रस्त्यावर काय झालं ते मला नंतर अठ्ठेचाळीस जणांनी अठ्ठेचाळीस प्रकारे सांगितलं. त्यातलं सगळ्यांचं जुळतं तेवढंच सांगते.

मागच्या प्रकाराने क्लेम धसकलेला. त्याने पेडलं जोडली, कडी दोनदा ओढून पाहिली. पंखांना खिळी घातली, दोन्ही टोकांना झेंडे लावले, आरसे पुसले, दिवा लावला. ताशी वीसच्या वर गेला नाही. इतक्या नियमाने तो माणूस जन्मात चालला नसेल, आणि नेमका त्याच दिवशी घोळ.

पहिली गाडी समोरून आली ती कडेला थांबली. चालक उतरला, हॅट काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. दुसराही तसाच. ओपल रेडिओवर म्हणाली, "क्लेम, लोक किती सभ्य झालेत रे. मी ह्या वयात गाडी चालवते त्याचं कौतुक आहे बघ." आणि तिने राणीसारखा हात हलवला.

मागून गाड्या जमायला लागल्या. सगळे चर्चला निघालेले, काळ्या कपड्यांतले. समोर पाहतात तर फुलांची गाडी, काळ्या हॅटवाली म्हातारी, काळ्या सुटातला क्लेम, ट्रॅक्टर आणि मागे काळ्या ताडपत्रीखाली काहीतरी लांबच लांब. लेस उंच होता, पण पाच मीटर नव्हता, एवढा विचार कोणाला सुचला नाही. सगळ्यांना लेसची इच्छा आठवली. ट्रॅक्टर चर्चच्या उलट दिशेला वळला तेव्हाही कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे शेतकऱ्याला पुरण्याआधी त्याच्या शेतावरून एक शेवटचा फेरा मारून आणतात. लेसचं शेत त्याच रस्त्याला. एकेकाने दिवे लावले आणि मागे लागला.

मागे रांग जमली की ट्रॅक्टरने कडेला थांबून गाड्यांना पुढे सोडायचं असतं. क्लेमने आरशात पाहिलं, सात गाड्या. कडेला घेतला. सातही कडेला थांबल्या. क्लेमने हाताने खूण केली, पुढे जा. लोकांनी छातीवर हात ठेवले. तो पुन्हा निघाला, तेही निघाले. दोन किलोमीटरवर पुन्हा थांबला, तर आता एकोणीस. तेव्हा तो उतरून पहिल्या गाडीशी गेला. आत ट्रेव्ह पीच, फ्रिजवाला, डोळे लाल.

"ट्रेव्ह, जा की पुढे."

"नाही रे. आज तू पुढे."

"मला वेळ लागेल."

"लागू दे. घाई कसली आता."

क्लेमला वाटलं, हा फ्रिजचा सूड घेतोय. तो दात खात परत ट्रॅक्टरवर चढला आणि शेतापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. त्याची आई पुढे आणि अठ्ठेचाळीस गाड्या मागे.

इकडे चर्चमध्ये पावणेअकरा वाजले. काळी गाडी वेळेवर आली. लेसची पेटी आत नेली ती गाडीवाल्याने, त्याच्या मदतनिसाने, पाद्र्याने आणि मी. बाकी कोणीच नाही. एकशे वीस माणसांची सँडविच हॉलमध्ये झाकून ठेवलेली आणि बाकांवर डल्सी एकटी.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. डल्सी दर थोड्या वेळाने मागे वळून दाराकडे बघायची. मी जाऊन तिच्या शेजारी बसले.

"चाळीस वर्षं सगळ्यांची वाट अडवली त्याने," ती म्हणाली. "पण इतका राग असेल लोकांना, असं नव्हतं वाटलं मला."

मी म्हटलं, "काहीतरी झालंय डल्सी, थांब." आणि बाहेर येऊन आमच्या जुन्या पिकअपमधला रेडिओ लावला, चाळीस नंबर.

तर तिथे नुसता गोंधळ. सगळे पुरुष एकाच वेळी बोलत होते. काय झालं ते मला हळूहळू कळलं. ओपल थेट शेतात शिरली. तिच्यामागे ट्रॅक्टर अरुंद बोळात फाटकापर्यंत गेला आणि गाड्या एकमेकींना चिकटून त्याच्यामागे. लोक उतरले, हॅट काढून यंत्राभोवती गोल उभे राहिले. मग ट्रेव्हने हळूच विचारलं, "क्लेम, लेसला कशात ठेवलंय?" क्लेम म्हणाला, "लेस चर्चमध्ये आहे. हे मसुराचं बी आहे." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

आता बोळ म्हणजे एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना चर. वळायला जागा नाही. प्रत्येक जण बाकीच्या सत्तेचाळीस जणांना मागे घ्यायला सांगत होता आणि स्वतः जागचा हलत नव्हता. दोघांची मागची चाकं चरात जाता जाता राहिली.

मी बटण दाबलं. "क्लेम."

सगळे एकदम गप्प झाले.

"नोला," क्लेम म्हणाला, "देवासारखी भेटलीस. आम्हाला बाहेर काढ गं. इथे कोणी कोणाचं ऐकत नाही. कोणी कधी मागे घ्यायचं ते तू सांग, तुझं ऐकतील."

खरं होतं. सव्वीस वर्षं मी ह्याच रस्त्यांवर माणसं थांबवली आणि सोडली. माझं ऐकलं असतं त्यांनी. आणि आत पेटी वाट बघत होती. जाऊ दे, नंतर बघू, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडून डल्सी आत बसली. तिने सगळं ऐकलं होतं. लोक रागाने नाही, प्रेमानेच भलतीकडे गेले, हे कळून तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता.

"भुशावाली गोष्ट मिटली का तुमची?" तिने मला विचारलं.

"नाही."

"मग आत्ताच मिटव. मला लेस रेडिओवर गाढव म्हणायचा, लग्नाच्या पहिल्या पेरणीपासून. मी म्हणायचे, आज नको, कापणी होऊ दे, मग बोलू. मग ख्रिसमस होऊ दे. मग पोरीचं लग्न होऊ दे. आता तो तिथे पेटीत पडलाय आणि ती माफी मला मिळायची राहूनच गेली."

मी पुन्हा बटण दाबलं. "क्लेम, काढते बाहेर. आधी तू बोल."

"आत्ता? नोला, अंत्ययात्रा खोळंबलीय."

"डल्सीची परवानगी आहे. इथेच बसलीय."

रेडिओवर नुसती खरखर. अठ्ठेचाळीस गाड्यांत अठ्ठेचाळीस रेडिओ, आणि शिवाय घराघरांतली स्वयंपाकघरं. ओपलचा आवाज आला, "बोल रे बाबा, मला पाय मोकळे करायचेत."

मग क्लेम बोलला. त्याचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "पुलाजवळ नोलाने मला वेळेवर सांगितलं होतं. पेडलं मी जोडली नव्हती. फ्रिज मी पाडला, आणि शिव्या तिला घातल्या. तिच्या डोक्यात भुसा नाही. असलाच तर माझ्या आहे. चुकलो, नोला. माफ कर."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच डोळे पुसायला माझा हात स्टिअरिंगवरून निघाला, आणि गाडी तर बंदच होती. डल्सीने मला रुमाल दिला. तिने तो स्वतःसाठी आणला होता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "आता ऐका. सगळ्यांत मागे कोण आहे?"

मागे शाळेची बस होती. आधी ती काढली, मग एकेक. डावीकडे घे, सरळ कर, थांब, ये, ये, ये. माझा आवाज चढला नाही आणि कोणी उलट बोललं नाही. दहाएक गाड्या निघाल्या असतील, मध्येच कोणीतरी बटण दाबलं आणि खाकरलं.

"डॉट," तो ट्रेव्ह होता. "गेल्या कापणीला मी तुला जे म्हटलं ना, ते नको होतं म्हणायला."

"कुठलं?" डॉट त्याच्या शेजारच्याच सीटवर होती. तिनेही रेडिओवरच विचारलं, सोडते का ती.

"सगळंच."

मग दुसरा बोलला. मग तिसरा. एकाने सांगितलं की फाटकाचा खांब त्याच्या बायकोने नाही, त्यानेच पाडला होता, एकोणीसशे शहाण्णव साली. एकाला नेमकं काय चुकलं ते आठवेना, पण तो म्हणाला, असेलच काहीतरी. बाळंतपणाच्या आदल्या दिवशी बायकोला पायलट गाडीत बसवणारा तो आमचा फुटबॉलचा कप्तान, तो बोलता बोलता रडला. मधूनमधून मी सांगत होते, पुढची घ्या, निळी गाडी, चर सांभाळ. अशी एकेक गाडी आणि एकेक माफी बाहेर आली.

साडेअकराला पुढची गाडी चर्चच्या वळणावर दिसली. चाळीस नंबर हळूहळू थंडावला. एकजण बोलला, बऱ्याच वेळाने आणखी एक. मग कोणीच नाही.

डल्सीने हात पुढे करून आवाज वाढवला. नुसती खरखर ऐकू येत होती. तरी ती रेडिओकडे बघत बसली. मी समोर काचेकडे बघत राहिले, तिच्याकडे बघवेना मला.

लोक उतरून हॅट हातात घेऊन चर्चमध्ये शिरायला लागले. क्लेम ट्रेव्हच्या गाडीतून आला, सुटावर धूळ. खांदेकरी सहाच्या सहा जमले. पाद्री दारात येऊन आमच्याकडे बघत होता.

"डल्सी, चल," मी म्हटलं. "लेस थांबलाय आत."

"थांबू दे की," डल्सी म्हणाली. "मी एक्केचाळीस वर्षं थांबले."

मग आम्ही दोघी गाडीतच बसून राहिलो, चांगली दहा मिनिटं.